सोमवारी त्याची कूस बदलायची

मुलांनो,

मागच्या रविवारी फोनवर तुमच्यातल्या थोरल्याने सांगितलं की त्याला आखातातल्या एका शहरात नोकरी लागली आहे. गरीब देशांतल्या कारखान्यांना जी कर्जं दिली जातात त्यांच्यावर देखरेख ठेवायची, असं त्या कामाचं स्वरूप. "आजी, हे तुला समजावून सांगायला वेळ लागेल," असं तो म्हणाला. मी हसले आणि जेवणाबद्दल विचारलं. फोन ठेवल्यावर मात्र मला दुपारभर दुसरं काही सुचलं नाही. तसल्याच एका कर्जाच्या कुंपणाआत मी संसार केला आहे. तुमच्या वडिलांना त्यातलं फारसं आठवत नाही, तेव्हा ते नागपूरला वसतिगृहात होते. तुमच्या आजोबांनी ते कधी लिहून ठेवलं नाही. आता सांगणारी मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहायला बसले. क्रमाने लिहीन. मध्येच भरकटले तर सांभाळून घ्या.

आधी पैसा कुठून आला ते. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तेलाचे भाव एकदम चढले आणि तेल विकणाऱ्या देशांकडे एवढा पैसा जमला की तो कुठे ठेवावा हा त्यांनाच प्रश्न पडला. त्यातल्या एका देशाने निधी उभारला आणि आमच्यासारख्या देशांना कारखान्यांसाठी कर्ज द्यायला सुरुवात केली. व्याज कमी, फेड लांबची, पण पैसे टप्प्याटप्प्याने मिळायचे: पाया झाला की एक हप्ता, यंत्रं आली की एक, आणि शेवटचा, कारखाना चालताना त्यांच्या माणसाने डोळ्यांनी पाहिल्यावर. भंडारा जिल्ह्यात धान पिकतो, म्हणून धानाच्या तनशीपासून पुठ्ठा आणि जाड कागद करायचा असं ठरलं. तनस म्हणजे मळणीनंतर उरणारा पेंढा. मोहाडी तालुक्यात, आंधळगावपासून फार लांब नसलेल्या एका गावाच्या तलावाखाली जागा निघाली. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून तिथेच आहेत.

यंत्रं युरोपातून आली. पूर्व किनाऱ्यावरच्या बंदरातून रायपूरमार्गे ट्रेलर निघाले. सर्वांत मोठा ट्रेलर साकोलीजवळ कितीतरी दिवस अडकून राहिला, कारण पुढचा एक पूल ते ओझं पेलेल की नाही याची कुणाला खात्री नव्हती. हायवेच्या कडेला ताडपत्रीखाली काहीतरी लांबलचक आडवं पडलेलं असायचं आणि एसटीतून जाणारे लोक खिडकीतून बघत हात जोडायचे, असं तुमच्या आजोबांनी मला सांगितलं होतं. मला वाटलं, गंमत करताहेत. पुढे मी स्वतः हात जोडणारी माणसं पाहिली.

आजोबा तिथे विजेचे इंजिनियर होते. मी नागपूरला इंग्रजी घेऊन एम. ए. केलं होतं, तिथल्या एका शाळेत शिकवत होते. नोकरी सोडून आले तेव्हा कारखान्याची इमारत पूर्ण झाली होती आणि कॉलनीही. समोरासमोर क्वार्टर्सच्या दोन रांगा, मधे सिमेंटचा रस्ता. त्यांपैकी मोजक्याच घरांत माणसं होती: आम्ही, एक हिशेबनीस, वॉचमन आणि त्याचा म्हातारा बाप. बाकीच्या घरांना कुलपं. भरती कारखाना सुरू झाल्यावर होणार होती.

पण वायरिंग करणाऱ्या ठेकेदाराने साऱ्या कॉलनीतले व्हरांड्यातले दिवे एकाच बटणावर जोडले होते. दिवेलागणीला आमचा वॉचमन ते बटण दाबायचा आणि सगळ्या रिकाम्या घरांचे व्हरांडे एकदम उजळायचे. जणू प्रत्येक घरातल्या बाईने त्याच क्षणी उठून दिवा लावला. पहिल्या आठवड्यात मी दोनदा समोरच्या घराकडे बघून, "झालं का काम?" असं विचारायला तोंड उघडलं होतं. समोर दाराला कुलूप आणि कुलपावर कुंभारीण माशीचं मातीचं घरटं.

भोंग्याचंही तसंच. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी भोंगा व्हायचा. पाळी नाही, कामगार नाहीत, तरी व्हायचा. भोंगा चालू स्थितीत ठेवावा असं करारात होतं म्हणे. गावाने त्याचा आपल्यापुरता उपयोग करून घेतला. रोवण्याच्या दिवसांत, म्हणजे धानाची लावणी चालू असताना, शेतांमधल्या बाया दुपारच्या भोंग्यावर कंबर सरळ करून डबे उघडायच्या. संध्याकाळच्या भोंग्याला तर गुरं स्वतःहून गावाकडे वळायची. हाकायलाही कुणी लागत नसे.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहिते आहे, त्या माणसाबद्दल. त्याची तलावाखालची बांधी, गावातली सर्वांत चांगली, कारखान्यासाठी गेली होती. बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत. मोबदला मिळाला, पण त्याहून मोठं होतं ते वचन: ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यातल्या एकेकाला कारखान्यात कायम नोकरी. कायम कधी? यंत्र सुरू होईल त्या दिवसापासून. तोवर हंगामी मजुरी. त्याच्या घरी आई अंथरुणाला खिळलेली, बायको, तीन लेकरं. बाकीच्यांनी थोडी थोडी जमीन दिली होती, याने सगळी. त्यामुळे यंत्र सुरू होण्याची जेवढी वाट तो बघत होता तेवढी कंपनीचा साहेबही बघत नसेल.

त्याची बायको आमच्याकडे धुण्याभांड्याला यायची. सगळे तिला डॉक्टरीण म्हणायचे, आणि त्याला डॉक्टर. का ते आता सांगते.

यंत्र बसवायला युरोपातून एक फिटर आला होता. उंच, लाल मानेचा, स्वभावाने गरीब. त्याला आपली भाषा येत नव्हती, इंग्रजीही मोडकी. जाण्याच्या दिवशी त्याने त्या गावच्या माणसांना यंत्राजवळ गोळा केलं. कागदाच्या यंत्रात मोठमोठे लोखंडी रोलर असतात, त्यांतला सर्वांत मोठा बैलगाडीच्या चाकाएवढा जाड आणि एखाद्या खोलीएवढा लांब. यंत्र बंद असलं की असा रोलर आपल्याच वजनाने मधे खाली झुकतो. म्हणून तो अधूनमधून हाताने थोडा थोडा फिरवत ठेवावा लागतो. हे फिटरला सांगायचं होतं. त्याने रोलरवर थाप मारली, दोन्ही तळवे गालाखाली घेऊन डोळे मिटले, घोरल्यासारखं केलं आणि अंग एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवलं. मग बोटाने सोमवार दाखवला, भिंतीवरच्या कॅलेंडरवर, एकाखाली एक सगळे सोमवार.

सगळे पोट धरून हसले, पण समजलं सगळ्यांना. आजोबा तेव्हा तिथे नव्हते, नागपूरला ट्रान्सफॉर्मर आणायला गेले होते. परत आल्यावर सगळी जमीन दिलेल्या त्या माणसाने त्यांना सांगितलं, "साहेब, तो निजून हाये. दर सोमवारी त्याची कूस बदलवा लागते. नाहीतर पाठीले जखमा होतात. माह्या मायचं मी तेच करतो ना रोज."

"बरोबर," आजोबा म्हणाले. "विसरायचं नाही."

तेव्हापासून तो डॉक्टर. सोमवार आला की बाकीचे ओरडायचे, "डॉक्टरसाहेब, राउंडले चला! पेशंट वाट पाहून राहिला!" आणि तो खरंच आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून जायचा.

आणि मग, दशक संपता संपता, तेलाचे भाव दुसऱ्यांदा चढले. आमच्या कारखान्याचा बॉयलर फर्नेस ऑइलवर चालणारा होता. तेलाच्या पैशातून उभा राहणारा कारखाना तेलावर चालावा, यात आराखडे काढताना कुणाला वावगं वाटलं नव्हतं. आता मात्र हिशेबनिसाने एका दुपारी आमच्या व्हरांड्यात बसून सांगितलं की हा बॉयलर पेटवला तर पुठ्ठ्याच्या किमतीपेक्षा वाफेची किंमत जास्त होईल. ज्या भाववाढीने आम्हाला कर्ज मिळालं, तिच्याच पुढच्या लाटेने कारखाना पेटायच्या आधी विझवला. हे मी तेव्हाच्या एका इंग्रजी नियतकालिकात वाचून शिकले नाही. चहाचा कप हातात घेऊन, समोरच्या कुलूपबंद घरांकडे बघत शिकले.

कंपनी म्हणाली, थांबा. भाव उतरतील. आम्ही थांबलो.

थांबण्याची ती वर्षं मला सर्वांत स्पष्ट आठवतात. कारखान्याच्या शेडमध्ये मी कधीमधी आजोबांचा डबा घेऊन जायची. आत यंत्र पांढऱ्या ताडपत्रीखाली झाकलेलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. उन्हाळ्यात दुपारी पत्रे तापले की त्या ताडपत्रीखालून आवाज यायचा: टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्, थोडा पुढे. कुणी बोटं मोडावीत तसा. लोखंड तापून पसरतं, आजोबा म्हणायचे, आणि ते खरंच होतं. तरी मी डबा ठेवून लगेच निघायची. एवढी मोठी शेड, पण तिच्या आढ्यात मी कधी चिमणीचं घरटं पाहिलं नाही. आमच्या स्वयंपाकघरात तर चिमण्यांनी उच्छाद मांडलेला असायचा.

गावात यंत्राचा उल्लेख 'ते' असा होत नसे. तो म्हणत. तो निजला हाये. तापाने फणफणलेल्या लेकराला आया दटावत, "गपचूप पड, तो उठंल." लग्नाच्या वरातीचा बँड कारखान्याच्या फाटकाजवळ आला की वाजवणारे आपोआप हळू वाजवत.

एकदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही आरडाओरडा ऐकून बाहेर आलो. त्या दिवशी आपल्याकडे मारबत काढतात, तुम्हाला तुमच्या वडिलांनी सांगितलं असेल. रोगराई, पीडा सगळी गावाबाहेर हाकलायची. झाडाच्या फांद्या, काठ्या हातात घेऊन माणसं ओरडत गावातून सीमेकडे पळत होती, "ढेकूण, मोंगसे, खासी, खोकला घेऊन जा गे मारबत!" आमच्या फाटकासमोर ते थांबले. मग कुणीतरी मोठ्याने ओरडलं, "कारखान्याची झोप घेऊन जा गे मारबत!" सगळे तेच ओरडू लागले. आधी हसत, मग हसू थांबलं आणि ओरडणं तेवढं राहिलं. डॉक्टर सर्वांत पुढे होता. फाटकाच्या गजांवर तो फांदी आपटत होता आणि त्याच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या होत्या. आजोबांनी माझा हात धरून मला आत नेलं.

त्या दिवशी डॉक्टरीण उशिरा आली. भांडी घासताना म्हणाली, "बाई, एक विचारू?"

"विचार ना."

"तो खरंच उठन का?"

"यंत्र आहे ते. वाफ मिळाली की चालेल."

"थे मले समजते. मी माह्या मानसाचं इचारून राहिली. घरी मायची कूस बदलवते आणि इकडे याची. रातच्याले झोपेत माही कूस बदलवते बाई! हात लावून ढकलते, म्हणते, हो, हो, झालं." ती हसली, मीही हसले. मग तिने तवा उपडा ठेवला आणि म्हणाली, "जमीन गेली त्याचं दुःख नाही मले. हा मानूस वापस भेटला पायजे."

ऐंशीनंतर काही वर्षांनी एक मार्ग निघाला. बॉयलर बदलून धानाच्या कोंड्यावर, म्हणजे तुसावर, चालणारा बसवायचा. राइस मिलमधला कोंडा आपल्याकडे ढिगाने पडून असतो, फुकटात जमा करून न्या असं गिरणीवाले म्हणत. नवा बॉयलर बसला की कारखाना खरोखरच चालला असता. त्यासाठी लागणारा पैसा म्हणजे कर्जाचा राहिलेला शेवटचा हप्ता. निधीने कळवलं, आमचा अधिकारी येईल, यंत्र चालवून दाखवा. यंत्र नीट असलं तर हप्ता बॉयलरसाठी वापरायला परवानगी देऊ. जुन्या टाकीत एका दिवसापुरतं तेल होतं, ते वापरायचं ठरलं.

तर अशी गोष्ट होती. त्या एका दिवसावर सगळं होतं, आणि डॉक्टरला ते आमच्याइतकंच कळत होतं. त्याने केस कापून घेतले. गावातल्या माणसांनी ताडपत्री काढून यंत्र पुसलं, खोबरेल तेलाने पितळी भाग चमकवले. बायांनी शेडबाहेरचं अंगण सारवून रांगोळी काढली. मोठ्या रोलरला हळदीकुंकू लावलं, तेवढं मात्र आजोबांनी पुसायला लावलं.

तो अधिकारी रोवण्याच्या दिवसांत आला. पन्नाशीचा, मवाळ, करड्या सफारीतला. गाडीतून उतरताच त्याने तलावाकडे पाहिलं. तलाव काठोकाठ भरलेला होता. मला इंग्रजी येतं हे कळल्यावर त्याने मला विचारलं, "एवढं गोडं पाणी, आणि पहारा नाही?" मी म्हटलं, पहारा कशाला? चालताना तो मान वळवून वळवून तलावाकडे बघत होता.

त्याला कामगारांशी स्वतः बोलायचं होतं, साहेबांशी नव्हे. म्हणून दुभाषी म्हणून मला शेडमध्ये बोलावलं. एरवी मी आत थांबले नसते.

बॉयलर पेटला. वाफेची शीळ झाली. कुणाच्याही आठवणीत नसलेल्या उष्ण, ओल्या लोखंडाचा वास शेडभर पसरला. आजोबांनी स्वीच दाबला आणि रोलर हलले, एकेक करून, लहान आधी, मोठा शेवटी. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरने डोळे मिटून घेतले होते.

मग आवाज आला. धप्.

फार मोठा नव्हता. पायाखालून आल्यासारखा. मग पुन्हा, धप्. मोठा रोलर दर फेऱ्याला एकदा, नेमक्या जागी, खाली आदळत होता. वेग वाढवला तसा आवाज लागोपाठ येऊ लागला: धप्, धप्, धप्. रेलिंगवर ठेवलेला माझा हात त्या ठेक्यावर थरथरत होता. मी मनातल्या मनात आपल्याच नाडीशी तो जुळवून पाहिला आणि हात काढून घेतला. बाहेर बांध्यांमधल्या बाया उभ्या राहिल्या. डॉक्टरीणही तिथे मजुरीने रोवण्याला गेली होती. तिने मागाहून मला सांगितलं की पायाखालच्या चिखलात ते ऐकू येत होतं आणि बांधीतलं पाणी कडेपासून मधे गोल गोल हलत होतं. कुणीतरी म्हणालं, "उठला गे बाई." आणि मग साऱ्या जणी बांधीतून बाहेर आल्या आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गच्च दाटीने उभ्या राहिल्या. कुणीही पुन्हा पाण्यात उतरायला तयार नव्हती.

आजोबांनी यंत्र थांबवलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. अधिकारी रोलरजवळ गेला, त्यावर तळवा ठेवला आणि आवाज गेल्यानंतरही तसाच उभा राहिला. मग त्याने मला विचारलं, "याची देखभाल कोण करत होतं?"

मी डॉक्टरकडे बोट दाखवलं. तो पुढे आला, हात जोडून.

"तुम्ही काय करायचा?" अधिकाऱ्याने विचारलं, मी मराठीत सांगितलं.

"मी त्याची कूस बदलवतो साहेब. एकही सोमवार चुकवला नाही. माही माय मेली थ्या दिवशीबी, आधी इकडे आलो, मग तिकडे खांदा देल्ला."

मी इंग्रजीत सांगितलं. अधिकारी म्हणाला, "कूस कशी बदलता, ते दाखवायला सांगा."

डॉक्टरने लांब सब्बल, म्हणजे पहार, रोलरच्या भोकात घातली. त्याने आणि शेजारच्या एका कामगाराने मिळून जोर लावला. रोलर पाव फेरा उजवीकडे गेला. "या सोमवारी या कुशीवर." मग त्याने सब्बल काढून दुसऱ्या बाजूने घातली आणि रोलर पाव फेरा परत डावीकडे आणला, होता तिथेच. "पुढच्या सोमवारी त्या कुशीवर. पाठीवर कदी पडू देल्लं नाही साहेब. एकदाबी नाही."

मी शब्द न् शब्द सांगितला. शेवटचं वाक्य बोलत असतानाच मला ते समजलं, आणि आजोबांनाही. इतकी वर्षं तो रोलर पूर्ण फिरलाच नव्हता. दोन कुशींच्या मधे डोलत राहिला होता, आणि त्याचं सगळं वजन त्याच त्या अंगाला पडत गेलं होतं. तो वाकला होता. माणूस असाच वळवतात. फिटरने दाखवलं होतं ते असंच. आजोबा दर सोमवारी विचारत, "फिरवला?" आणि उत्तर येई, "फिरवला साहेब."

अधिकाऱ्याने डॉक्टरचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. मला म्हणाला, "यांना सांगा, माझे वडील अंथरुणावर होते तेव्हा आम्ही भाऊ त्यांना असंच वळवत होतो. यांनी फार मन लावून केलं आहे." मी सांगितलं. डॉक्टरचा चेहरा उजळला. त्याला वाटलं, पास झालो.

अधिकारी गाडीत बसला आणि संध्याकाळच्या भोंग्याआधी गेला. पुढे कळवण्यात आलं की वाकलेलं यंत्र दुरुस्त झाल्याशिवाय हप्ता मिळणार नाही. दुरुस्तीचे पैसे त्या हप्त्यातूनच यायचे होते. म्हणजे संपलंच.

आजोबांनी माणसांना शेडबाहेर बसवून सगळं नीट समजावलं. एक जण डॉक्टरला म्हणाला, "पेशंट मारला बे तू, डॉक्टर." कुणी हसलं नाही, बोलणाराही नाही. डॉक्टर आपल्या हातांकडे बघत म्हणाला, "पण साहेब, गोऱ्या साहेबानं निजूनच दाखवलं होतं. निजलेला मानूस कोन गोल फिरवते?"

आजोबा आयुष्यभर त्या प्रश्नाचं उत्तर शोधत होते असं मला वाटतं.

भोंगा बंद झाला. पहिल्या संध्याकाळी गुरं बांधावर उभी राहिली आणि अंधार पडू लागला तरी हलेनात, माणसांना जाऊन हाकावं लागलं. मजुरी थांबली, पण डॉक्टर येत राहिला. आता त्याने स्वतःच एक उपाय काढला होता. वाकलेली बाजू वर करून रोलर तसाच ठेवायचा, म्हणजे आपल्याच वजनाने उलट झुकून सरळ होईल. "उपडा निजवला," तो म्हणायचा. वॉचमन त्याला आत सोडायचा. कुणाला त्रास नव्हता.

आमची बदली झाली त्या आठवड्यात मी निरोप घ्यायला शेडमध्ये गेले. भर दुपार होती. तो रोलरला कान लावून बसला होता. मला बघून उठला नाही, हातानेच जवळ बोलावलं.

"हात ठेवा बाई."

मी ठेवला. लोखंड पत्र्याखालच्या उन्हाने कोमट होतं.

"सरळ होऊन राहिला ना? लागते ना हाताले?"

तुमची आजी शिकलेली बाई. इतक्या जड लोखंडाची हालचाल तळहाताला कळत नाही हे मला माहीत आहे. पण त्या वेळी माझ्या तळव्याखाली काहीतरी अतिशय सावकाश खाली सरकलं, एखाद्याने झोपेत श्वास सोडावा तसं. मी त्याला म्हटलं, "हो, लागतं." ते खोटं नव्हतं.

"सायबाले इंग्रजीत लिहा," तो म्हणाला. "म्हणा, एकदा येऊन पाहा."

मी लिहिलं. उत्तर आलं, अतिशय सभ्य. त्या देशातही दिवस बदलले होते. तेलाचे भाव आता घसरले होते आणि निधीने नवी कर्जं देणं थांबवलं होतं. डॉक्टरला मी पत्राने एवढंच कळवलं की साहेब येणार नाहीत.

थोरल्या, तू ज्या टेबलाशी बसणार आहेस त्यावर अशा कारखान्यांची माहिती येईल. त्यात 'देखभाल नियमित' असं लिहिलेलं असेल, आणि ते खरंही असेल. त्या वेळी एखाद्याला विचार, कशी करता, ते दाखवा.

आता काय उरलं आहे ते सांगते. गेल्या वर्षी मी भंडाऱ्याला एका लग्नाला गेले होते, तिथून गाडी करून जाऊन आले. यंत्र भंगारात गेलं. क्वार्टर्सची दारं-खिडक्या लोकांनी नेल्या. डॉक्टर वारला, कायम न होताच. डॉक्टरीण आहे. कारखान्याच्या पडक्या कुंपणाआत, पूर्वी त्यांची बांधी होती त्या जागी, तिचा मुलगा धान लावतो. जमीन कागदावर अजून कारखान्याचीच आहे. त्याला कुणी अडवत नाही, आणि तलावाचं पाणी तिथपर्यंत पोचतं.